तेविसाव्या पानावरची नर्स

तेविसावं पान उलटलं आणि थोरलीचा हात तिथेच राहिला. दुसऱ्या हातातला चहाचा कप ओठांपर्यंत गेलाच नाही. पानावर सहा चौकटी होत्या. पाचव्या चौकटीत एक नर्स एका पायावर उभी राहून दुसऱ्या बुटाच्या टोकानं पोटरी खाजवत होती, आणि स्वतःच्याच अंबाड्यात खोचलेलं पेन सगळ्या टेबलावर शोधत होती. सहाव्या चौकटीत ती एका मुलाची नाडी बघत होती. मनगटावरच्या घड्याळाकडे एक डोळा आणि खिडकीबाहेर दुसरा, ओठ पुटपुटते. एवढंच. चेहरा तर चार-सहा रेघांचाच होता. पण त्या पोटरीवर कुठे तीळ आहे हेसुद्धा थोरलीला ठाऊक होतं. शाळेत फळ्यासमोर उभं केलं की अशीच उभी राहायची ती, न्हाणीघराबाहेर आपली पाळी यायची वाट बघतानाही अशीच. ही तिची धाकटी बहीण होती. गेली अठरा वर्षं ज्या माणसाच्या चित्रकथा थोरली घरोघरी पोचवत आली होती, त्या माणसानं तिच्या धाकट्या बहिणीचं चित्र काढलं होतं, आणि ते तिला आज, छापखान्याकडे जायच्या प्रतीत, सोमवारी सकाळी साडेदहा वाजता कळत होतं.

घरात तिला थोरली म्हणायचे. म्हणणारे आता उरले नव्हते, पण मनातल्या मनात ती स्वतःला अजून त्याच नावानं हाक मारायची. बाहेर ती ‘प्रसिद्धीवाल्या बाई’. दोन खोल्यांचं ऑफिस, भिंतीला टेकवून ठेवलेले पोस्टरचे गुंडाळे, आणि तीन फोन. एक चित्रकथेसाठी, एक सिनेमावाल्यांसाठी, एक धर्मादाय कामांसाठी. चित्रकाराच्या चित्रकथांमधला लिफ्टमन, म्हणजे बटणं नसलेल्या मजल्यांवर लिफ्ट नेणारा तो टकला म्हातारा, आज पोरासोरांच्या दप्तरांवर दिसत होता त्यात चित्रकाराचा हात होताच, पण अर्धा हात तिचाही होता. ‘ज्याला फक्त मुलांशी बोलायला आवडतं असा साधा माणूस’ हे चित्रकाराबद्दलचं वाक्य तिनं लिहिलं होतं. आता लोक ते स्वतःचं निरीक्षण म्हणून तिलाच ऐकवायचे. तिचं नाव कुठेही नसायचं. नसावंच, असं ती नव्यानं कामाला लागलेल्या मुलींना सांगायची. म्हणायची, “आपण पडद्यामागचे. आपण दिसलो की समजायचं, काहीतरी गडबड झाली.” हे सांगताना तिला एक प्रकारचा तोरा वाटायचा. आज त्या तोऱ्याचा मागमूस नव्हता. 

नववं पुस्तक हॉस्पिटलात घडणारं होतं. ती कल्पना तिचीच. लहान मुलांच्या वॉर्डाला श्वासाची यंत्रं हवी होती, पुस्तकाच्या विक्रीतून ती घ्यायची, आणि लिफ्टमनवर सिनेमा काढणाऱ्यांनी त्या निमित्तानं आपलाही डंका वाजवून घ्यायचा, असा तिहेरी बेत तिनं जुळवून आणला होता. वॉर्ड कोणता निवडायचा हे ठरवताना तिनं धाकटीचाच वॉर्ड सुचवला. का सुचवला? ओळख आहे, काम सोपं होईल, असं तिनं तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. खरं तर धाकटीनं एकदा बघावं असं तिला वाटत होतं: ताईच्या एका फोनवर कॅमेरे येतात, नट येतात, चित्रकार येतो. धाकटीनं काय बघितलं कोण जाणे. चित्रकाराला वॉर्ड दाखवायला नेलं त्या दिवशी थोरली तीन तास खाली गेटपाशी उशिरा येणाऱ्या नटाची वाट बघत उन्हात उभी होती, आणि वर काय चाललं होतं ते तिला आज पाचव्या आणि सहाव्या चौकटीत दिसत होतं.

दुपारी सिनेमावाल्यांचा फोन वाजला. निर्माता स्वतः होता, आणि तो एरवी स्वतः कधी फोन करायचा नाही. “बाई, पानं बघितली. ती नर्स कोण आहे हो? दोनच चौकटी, पण काय बाई आहे! लिफ्टमन राहू दे बाजूला, तिचाच सिनेमा काढू या असं चाललंय इथे.” थोरली म्हणाली, “कोणी नाही. कल्पनेतली आहे.” “अहो, कल्पनेतून अशी पोटरी खाजवणारी बाई येते होय?” असं म्हणून तो मोठ्यानं हसला. तिनंही हसण्याचा आवाज काढला. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण खोटं बोललो, आणि तेही किती सहज. बहीण आहे माझी, असं म्हणायला काय हरकत होती? कुणीही अभिमानानं सांगितलं असतं. तिनं ते शब्द तोंडात घोळवून बघितले. बाहेर पडेनात.

ती बारा वर्षांची होती आणि धाकटी सहाची. शाळेत नाटक होतं. थोरलीनं सबंध नाटक पाठ केलं होतं, सगळ्यांचे संवाद. वर्गावर्गात जाऊन तिनं नाटकाची घोषणा केली होती, पुठ्ठ्यावर रंगीत अक्षरं काढून फाटकावर लावली होती. तिला भूमिका मिळाली दरवाजा उघडणाऱ्या बाईची. ठीक होतं तेही. तालमीच्या दिवशी धाकटी तिची विसरलेली पाण्याची बाटली द्यायला आली आणि बाटली छातीशी धरून एका पायावर उभी राहिली. नाटक बसवणाऱ्या बाईंनी तिच्याकडे बघितलं. “हिला घेऊ या ढग म्हणून,” बाई म्हणाल्या. ढगाला एकही वाक्य नव्हतं. नाटकाच्या दिवशी ढग रंगमंचावर आला, वाट चुकला, मधोमध थांबून प्रेक्षकांत आईला शोधू लागला, आणि सबंध सभागृह हसून हसून बेजार झालं. दरवाजा कुणी उघडला हे कुणालाही आठवलं नाही. थोरलीनं सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या. घरी येताना आईनं दोघींचे हात धरले होते, पण बोलत होती ती धाकटीशी. थोरलीला आजही वाटायचं, धाकटीनं काही मागून घेतलं असतं, हिसकावलं असतं, तर किती बरं झालं असतं. रागवता आलं असतं. तिनं कधी काही मागितलंच नाही. ती फक्त येऊन उभी राहायची.

आणि आई. दोन वर्षांपूर्वी आई गेली ती धाकटीच्या घरी. थोरली रोज संध्याकाळी जायची, काम टाकून जायची, फळं घेऊन जायची. एकदा तिनं आईच्या कपाळावर हात ठेवला. डोळे न उघडता आई म्हणाली, “हा हात गार आहे ग. धाकटीला बोलाव.” थोरलीनं धाकटीला बोलावलं. स्वयंपाकघरातून हात पुसत ती आली, तिनं हात ठेवला, आणि आईचा चेहरा सैल झाला. त्याबद्दल थोरली कुणाशी बोलली नाही. बोलण्यासारखं काय होतं? हात गार होता, बाहेर थंडी होती. पण त्यानंतर कितीतरी दिवस, कुणाशी हात मिळवायच्या आधी, ती आपला तळवा गालाला लावून बघायची.

मंगळवारी ती चित्रकाराकडे गेली. तो चौथ्या मजल्यावर राहायचा. खिडकीशी तिरकं टेबल, शाईचे डाग पडलेला सदरा, आणि पासष्टी उलटूनही कुणी आलं की शाळकरी मुलासारखं चित्र हातानं झाकायची सवय. अठरा वर्षांत दोघं एकमेकांना तुम्हीच म्हणत आले होते. तिला पाहून त्यानं हात काढून घेतला. तिच्यापासून तो काही झाकायचा नाही.

“तेविसावं पान,” ती म्हणाली.

“आवडलं ना? मला वाटलंच होतं.”

“कुठे भेटली ही?”

“तुम्हीच नाही का नेलंत मला! त्या वॉर्डात. मी पाय पसरून मुलांना काहीबाही काढून देत होतो, तर ही आली आणि म्हणाली, आजोबा, पाय आत घ्या, ट्रॉली येतेय. मी कोण, कशाला आलोय, काही देणंघेणं नाही. मग मी तिच्याकडेच बघत बसलो. बाई, तुम्ही तिला बघायला हवं होतं. म्हणजे कळलं असतं.”

थोरली खिडकीकडे वळली. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी झटकत होतं. बेचाळीस वर्षं बघतेय मी तिला, असं तिच्या जिभेच्या टोकावर आलं आणि तिथेच विरघळलं.

“तिची परवानगी?”

“दाखवलं ना तिला. कच्चं चित्र घेऊन परत गेलो होतो एकदा. खूप हसली. चालेल म्हणाली.”

म्हणजे धाकटीला माहीत होतं. म्हणजे चित्रकार परत गेला होता, एकटा, न सांगता; तिनं बेत आखल्याशिवाय जो साधा केस कापायला बाहेर पडत नाही तो माणूस. थोरलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आणि तिचा आवाज मात्र थंड, नेहमीचा, कामाचा आवाज, आपोआप बोलू लागला. “तिचं चालेल म्हणणं वेगळं. हॉस्पिटल आक्षेप घेईल. कर्मचाऱ्याचा चेहरा आहे. उद्या दुसऱ्या नर्सेस म्हणतील आम्ही का नाही. सिनेमावाले मध्ये आहेत, करारात भानगडी होतील. पुस्तक अडकलं तर यंत्रं अडकतील. चेहरा बदला, ते उभं राहणं बदला, पेनही नको. साधी नर्स चालेल.”

तिला वाटलं तो भांडेल. मनातून तिला वाटत होतं त्यानं भांडावं. त्यानं नुसती मान हलवली. “तुम्ही म्हणताय म्हणजे असणार तसं. यातलं मला काय कळतं?” मूळ पान काढून त्यानं टेबलावर ठेवलं, बारीक कुंचला पांढऱ्या रंगात बुडवला आणि तो धाकटीच्या पायापासून सुरू झाला. आधी बूट गेला, मग पोटरी. थोरली उभी राहून बघत होती. चेहऱ्यापाशी तो क्षणभर थांबला, मग चेहराही गेला. पांढरा डाग वाळेपर्यंत तो कागदावर फुंकर घालत राहिला.

“अठरा वर्षांत तुम्ही मला कधी काढलं नाहीत,” ती म्हणाली. थट्टेत म्हणायचं ठरवलं होतं, पण थट्टा कुठेतरी वाटेत गळून पडली.

चित्रकारानं कुंचला पुसला. “प्रयत्न केला होता,” तो म्हणाला. “दोन-तीनदा. जमलं नाही. तुम्ही समोर बसता तेव्हा मी काय बोलतोय, कसा दिसतोय, सदरा धुतलेला आहे का, हेच बघत असता. तुमच्या चेहऱ्याकडे बघितलं की मला मीच दिसतो. आणि स्वतःला काढायचा कंटाळा येतो हो.” तो हे प्रेमानंच म्हणाला. तिला ते कळलंही. 

नवं पान गुरुवारी आलं. पाचव्या चौकटीत एक गोल चेहऱ्याची, हसरी, नीटनेटकी नर्स दोन्ही पायांवर उभी होती. खाली पेन्सिलनं चित्रकारानं लिहिलं होतं, ‘ही जिवंत नाही झाली, पण चालून जाईल.’ इतक्या वर्षांत थोरलीची नजर तयार झाली होती. पान फसलं आहे हे तिला क्षणात कळलं. आता सहाव्या चौकटीतल्या मुलाची नाडी कुणी बघतंय असं वाटतच नव्हतं. मनगट आणि बोटं शेजारीशेजारी ठेवल्यासारखी दिसत होती. ज्या कामाला आपण आयुष्य वाहिलं म्हणतो ते आपल्याच हातानं आपण बिघडवलं, हा विचार आला, आणि त्याच्या पाठोपाठ, लाज वाटावी असा, गार पाण्यासारखा आराम. तिनं पान पाकिटात घातलं.

शनिवारी दुपारी धाकटी तिच्याकडे जेवायला आली. नवीन पांढरे बूट तिनं दाराशीच दाखवले. “गुरुवारसाठी,” ती म्हणाली. पुढच्या गुरुवारी वॉर्डाच्या हॉलमध्ये प्रकाशन होतं. “गुरुवारी माझी सुट्टी होती, ती बदलून मुद्दाम ड्यूटी घेतली. ड्रेसमध्येच असायला हवं ना.”

“का? ड्रेसमध्ये का?”

“ते नाही सांगणार. तुला गुरुवारी कळेल.” ती हसू दाबत होती, आणि तिला ते कधीच जमत नसे. “एवढंच सांगते, वॉर्डातल्या सगळ्यांना माहीत आहे, फक्त तुलाच नाही. नेहमी तुला सगळं आधी माहीत असतं, एकदा तरी माझ्याकडून कळू दे.”

थोरलीनं तिच्या पानात आणखी भात वाढला. धाकटी नको नको म्हणत होती तरी वाढला. छपाई सोमवारी सुरू व्हायची होती. अजून दीड दिवस होता. एक फोन, ‘हॉस्पिटलनं होकार कळवलाय, जुनंच पान राहू द्या,’ एवढं म्हटलं असतं तर चित्रकार आनंदानं बसला असता आणि त्यानं रविवारच्या रविवारी पुन्हा काढलं असतं. धाकटी गेल्यावर तिनं फोन हातात घेतला. सोफ्याच्या कडेवर बसली. डोळ्यांसमोर धाकटी नव्हती. सिनेमाचं पोस्टर होतं, चौकाचौकात, एका पायावर उभी राहिलेली ती, आणि खाली लोक, आणि लोकांच्या खाली, गर्दीत, पोस्टर चिकटवणाऱ्याला ‘थोडं डावीकडे’ सांगणारी ती स्वतः. तिनं फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली. रविवार गेला. सोमवारही गेला.

गुरुवारी हॉल भरला होता. मुलं चाकांच्या खुर्च्यांत, आयांच्या कडेवर. पुढे बातमीदार, मागे सिनेमावाले, मधे डॉक्टर. नट या वेळी वेळेवर आला. चित्रकार चार वाक्यं बोलला, चारही थोरलीनं लिहिलेली. धाकटी भिंतीशी उभी होती, नव्या बुटांत, शेजारी दोन नर्सेस, आणि त्या तिला कोपरानं ढोसत होत्या. पुस्तकं वाटली गेली. थोरली लांबून बघत राहिली. धाकटीनं पानं उलटली, थांबली, एक पान मागे गेली, एक पान पुढे. शेजारच्या नर्सनं वाकून बघितलं आणि मान वर केली. धाकटीनं पुस्तक मिटलं. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा तिनंही वाजवल्या, पुस्तक काखेत धरून.

कार्यक्रम आटोपल्यावर ती वॉर्डाच्या काचेच्या दारापाशी थोरलीला भेटली. “छान झालं ग सगळं,” ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, “ताई, एक विचारू? त्यांनी मला त्यात घेतलं होतं. तेविसाव्या पानावर. मला दाखवलंही होतं. मग का बदललं?”

उत्तर तयारच होतं. “चित्रकारांचं काय सांगावं. शेवटपर्यंत खोडत बसतात.”

“हो का,” धाकटी म्हणाली. तिनं मान हलवली, पटल्यासारखी. “मला वाटलं माझंच काही चुकलं. मी त्यांना आजोबा म्हटलं होतं ना, मला काय माहीत कोण ते. आणि मी तुझी बहीण आहे हेही नाही सांगितलं त्यांना. म्हटलं, ताईच्या वशिल्यानं काढलं असं नको व्हायला. एकदा तरी आपलं आपण काहीतरी.” ती हसली. “तेच भोवलं बघ. सांगितलं असतं तर राहिले असते.”

थोरलीनं हातातली पाहुण्यांची यादी घडी घालून पर्समध्ये टाकली. 

“मी बदलायला लावलं,” ती म्हणाली.

“हॉस्पिटलला नको होतं?”

“हॉस्पिटलला मी विचारलंच नाही. मला नको होतं.”

धाकटीनं तिच्याकडे नीट बघितलं, रुग्णाकडे बघावं तसं. “का?”

“मला हवं होतं ते,” थोरली म्हणाली. पन्नाशीला आलेल्या बाईच्या तोंडी ते वाक्य पोरकट वाटलं. तिला दुसरं सुचेना. “त्यांनी मला काढायला हवं होतं. तू नुसती येऊन उभी राहतेस आणि सगळे तुझ्याकडे बघतात. आईसुद्धा.”

धाकटीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. लहानपणी रडायच्या आधी व्हायचा तसा. पण ती रडली नाही. “आईच्या वेळी तू माझ्याकडे अशीच बघत असायचीस,” ती हळूच म्हणाली. “मला वाटायचं तू दमलीयस. मी तुझ्यासाठी चहा टाकायचे.”

आत एका खाटेवरची घंटा वाजली. मग दुसरी. “सिस्टर!” कुणीतरी हाक मारली. धाकटीनं काखेतलं पुस्तक थोरलीच्या हातात दिलं आणि दाराला हात लावला.

“आज नको,” ती म्हणाली. “आत बारा मुलं आहेत आणि आम्ही दोघीच आहोत. रविवारी ये. सकाळीच ये. आपण कधी भांडलोच नाही ग, सगळं तू गोड बोलून मिटवत आलीस. रविवारी मी भांडणार आहे. मला काय काय बोलायचंय ते तुला ऐकावं लागेल.”

“येते.”

“मध्ये बोलायचं नाही. समजावायचं नाही. आणि फळंबिळं आणायची नाहीत.”

“नाही आणत.”

दार तिच्यामागे झुलत राहिलं. काचेतून थोरलीला दिसलं, धाकटी एका खाटेपाशी वाकली, मुलाच्या पाठीखाली हात घालून तिनं त्याला सरकवून बसवलं, आणि तो मुलगा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. थोरलीला पुन्हा तोच हेवा वाटला, जरासुद्धा कमी न होता. हॉलमधून कुणीतरी ‘प्रसिद्धीवाल्या बाई कुठेत?’ असं विचारत होतं. तिनं ओ दिली नाही. ती मागच्या जिन्यानं खाली निघाली, आणि दुसऱ्या वळणावर तिच्या लक्षात आलं की आपण बोटांवर दिवस मोजतोय: शुक्रवार, शनिवार, रविवार. तिला भीती वाटत होती, अगदी खरी, आणि तरी रविवार लवकर यावा असंही वाटत होतं.